रक्त चढवून झालं, आता एचबी कसं बघायचं? पेशंटच्या घरच्यांसाठी

“सिस्टर, काल दोन पिशव्या चढवल्या ना, मग एचबी अजून आठच कसं?” हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या हातात मोबाईल असतो, मोबाईलमध्ये रिपोर्टचा फोटो असतो, आणि तो फोटो तोपर्यंत फॅमिली ग्रुपवर फिरून पुण्याच्या मामांपर्यंत पोचलेला असतो. मी १७ वर्षं वॉर्डात काम करतेय, त्यातली बरीचशी फिमेल मेडिसिनला गेली. काउंटरवर उभ्या उभ्या हे सगळं समजावून सांगायला आम्हाला वेळ नसतो, राउंडवर डॉक्टरांना तर त्याहून नसतो, म्हणून एकदाच बसून लिहून काढलंय. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणाला रक्त लागलंय त्यांच्यासाठी आहे हे, पण वॉर्डात नवीन लागलेल्या मुलींनीही वाचा, कारण नवीन असताना मीही घोळ घातलेत आणि त्यातला एक खाली लिहिलाय.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवते. एचबी म्हणजे हिमोग्लोबिन, १०० मिली रक्तात ते किती ग्रॅम आहे तो आकडा, आणि हा आकडा एकटा वाचायचा नसतो. रक्त द्यायच्या आधी किती होतं, सँपल कधी आणि कुठून घेतलं, आणि मुळात रक्त कमी कशाने झालं होतं, हे तीन माहीत नसतील तर ८ हा आकडा चांगलाही असू शकतो आणि वाईटही. ५ वरून ८ झालं असेल तर पेढे वाटा, सकाळी १० होतं आणि संध्याकाळी ८ झालं असेल तर धावत जाऊन सिस्टरला सांगा. खालच्या सगळ्या पायऱ्या या एकाच गोष्टीसाठी आहेत.

पायरी १: एक वही करा, आणि ती रक्त द्यायच्या आधी करा

साधी दहा-वीस रुपयांची वही चालेल. मोबाईलमधल्या फोटोंवर अजिबात भरवसा ठेवू नका, कारण ऐनवेळी तो फोटो गुड मॉर्निंगच्या तीनशे फोटोंखाली गाडला गेलेला असतो. पहिल्या पानावर पेशंटचं नाव, वय, वजन (हो, वजन, ते का ते पुढे कळेल), रक्तगट, आणि रक्त का लागलं ते एका ओळीत लिहा. पाळीत अंगावरून जास्त जातं, मूळव्याध, ऑपरेशन, बाळंतपण, किडनी, थॅलेसेमिया, जे असेल ते. डॉक्टरांनी कारण सांगितलं नसेल तर विचारा, हा तुमचा हक्कच आहे, आणि अजून कारण शोधणं चालू आहे असं उत्तर आलं तर तसं लिहा.

मग दर वेळेला एक ओळ: तारीख, वेळ, एचबी, कुठली लॅब. आणि रक्त दिलं त्या दिवशी किती पिशव्या, पॅक सेल (म्हणजे रक्तातल्या नुसत्या लाल पेशी) की पूर्ण रक्त, पिशवी कितीची. हे पिशवीच्या लेबलवर लिहिलेलं असतं, सिस्टर पिशवी चेक करत असतील तेव्हा मध्ये बोलू नका, ते चेकिंग फार महत्त्वाचं असतं, नंतर विचारा.

अजून रक्त चढवलं नसेल आणि तुम्ही हे वाचत असाल तर एक काम आत्ताच करा. डॉक्टरांना विचारा की रक्त देण्याआधी घ्यायच्या बाकीच्या टेस्टचं सँपल काढून ठेवलंय का. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल आहे का ते बघायची टेस्ट (तिला लॅबमध्ये एचपीएलसी म्हणतात, काही लोक इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात), शरीरातलं लोह, बी १२, हे सगळं आधीच्या रक्तावर करायचं असतं. एकदा दुसऱ्याचं रक्त अंगात गेलं की ती टेस्ट अर्धी पेशंटची आणि अर्धी रक्तदात्याची होते, आणि मग एचपीएलसीसाठी साधारण तीन महिने थांबावं लागतं. इमर्जन्सी असेल तर कोणी या टेस्टसाठी रक्त थांबवणार नाही आणि थांबवूही नये, पण क्रॉसमॅचसाठी (पेशंटचं आणि पिशवीतलं रक्त जुळतं का ते बघायला) सुई टोचतोच आहोत तर त्याच वेळी एक ट्यूब जास्तीची काढता येते. हे राहून गेलं म्हणून तीन महिने अंदाजावर काढलेले पेशंट मी बघितलेत.

पायरी २: किती वाढायला पाहिजे याचा हिशोब आधी करा

सगळ्यांच्या डोक्यात एक पिशवी म्हणजे एक ग्रॅम एवढंच बसलंय. ढोबळ म्हणून ठीक आहे, पण आपल्याकडे पिशव्या दोन मापाच्या असतात, ३५० मिलीची आणि ४५० मिलीची, आणि पेशंट तर ३५ किलोपासून ९५ किलोपर्यंत सगळे असतात. एका चमचाभर साखरेने कपभर चहा जितका गोड होतो तितका पातेलंभर होत नाही, तसंच आहे हे.

हिशोब असा करायचा. मोठ्या माणसाच्या अंगात किलोमागे साधारण ७० मिली रक्त असतं. ४५ किलोच्या बाईच्या अंगात म्हणजे तीन लिटरच्या थोडं वर, ८० किलोच्या माणसाच्या अंगात साडेपाच लिटरच्या वर. आपल्याकडे रक्तदात्याचं एचबी कमीत कमी १२.५ लागतं, त्यामुळे ३५० मिलीच्या पिशवीत अंदाजे ४० ते ४५ ग्रॅम हिमोग्लोबिन मिळतं. हे ४५ किलोच्या बाईच्या रक्तात मिसळलं की एचबी सव्वाच्या आसपास वाढतं, ८० किलोच्या माणसात पाऊण. पिशवी एकच, पण फरक जवळजवळ दुप्पट. ४५० ची पिशवी असेल तर दोन्हीकडे त्या मानाने जास्त.

मागे एक काकू होत्या, गर्भाशयाला गाठी, पाळी पंधरा पंधरा दिवस चालायची, आल्या तेव्हा एचबी ५.६ आणि वजन ४७ किलो. दोन पिशव्या दिल्या, दोन्ही ३५० च्या. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट ७.९ आला आणि त्यांचा मुलगा काउंटरवर येऊन भांडायला लागला की दोन पिशव्यांसाठी आम्ही दोन डोनर आणले, रात्रभर जागलो, आणि सव्वादोनच पॉइंट वाढले, रक्तात काय पाणी होतं का. मी त्याला कागदावर वरचाच हिशोब करून दाखवला. ५.६ अधिक अडीचच्या आसपास म्हणजे आठ, आलं ७.९, याहून बरोबर काय यायचं? तो गप्प झाला, पण चेहऱ्यावरून पटलेलं दिसत नव्हतं, कारण त्याच्या मनात १२ होतं. आणि हेच समजून घ्यायचंय, रक्त १२ वर नेण्यासाठी देतच नाहीत. पेशंट स्थिर असेल तर साधारण ७ च्या खाली गेल्यावर रक्त देतात, हार्टचा त्रास असेल किंवा हाडाचं मोठं ऑपरेशन झालं असेल तर ८ च्या आसपास, आणि धोक्याबाहेर आलं की थांबतात. पुढचं चढायचं काम गोळ्यांचं आणि शरीराचं. त्यामुळे “अजून एक पिशवी देऊन टाका ना, सोय आहे तोपर्यंत” असा आग्रह धरू नका. प्रत्येक पिशवीबरोबर थोडी जोखीम येतेच.

लहान मुलांचा हिशोब पिशवीवर होत नाही, किलोवर होतो. किलोमागे १० ते १५ मिली पॅक सेल देतात आणि त्याने साधारण २ ते ३ ग्रॅम वाढतं. तो डॉक्टरच करतात, तुम्ही फक्त बाळाचं आजचं वजन बरोबर सांगा, मागच्या महिन्याचं नको.

पायरी ३: पहिले काही तास आकडा विसरा, माणूस बघा

रक्त चालू असताना आणि त्यानंतर रात्रभर एचबीचं काय झालं हा प्रश्नच बाजूला ठेवा. पिशवी चालू झाल्यावर पहिली १५ मिनिटं सिस्टर जवळपास असतात, बीपी, नाडी, ताप बघतात. तुम्ही बाजूला बसून एवढंच बघायचं की पेशंटला थंडी वाजून येतेय का, अंगावर गांधी उठतात का, कंबरेत किंवा छातीत दुखतंय का, घाबरल्यासारखं होतंय का, लघवी लाल-काळी झालीय का. यातलं काहीही झालं तर लगेच बोलवा. संकोच करायचा नाही, “सिस्टर चिडतील” हा विचार करायचा नाही (चिडल्या तरी चालेल, येतील तर खऱ्या). आणि थंड लागतंय म्हणून पिशवी गरम पाण्यात ठेवायची किंवा काखेत धरायची असले प्रकार कृपा करून करू नका. त्याच लाईनमध्ये दुसरं कुठलं औषधही जाऊ द्यायचं नाही. एक पिशवी जास्तीत जास्त चार तासांत संपवायची असते, त्यामुळे हळू चाललीय किंवा थांबलीय असं वाटलं तर सांगा, पण स्वतः नळीचं चाक फिरवू नका.

वयस्कर माणसं, हार्टचे आणि किडनीचे पेशंट यांच्यात आणखी एक बघायचं, ते म्हणजे दम. रक्त देताना किंवा संपल्यानंतर पहिल्या १२ तासांत आडवं झोपवेना, उठून बसावंसं वाटतंय, खोकला येतोय, तर अंगात पाणी जास्त झालेलं असू शकतं. अशा वेळी एचबी छान वाढलेलं असतं आणि पेशंट मात्र गुदमरत असतो. रिपोर्ट चांगला आला म्हणून घरी निघून गेलेले नातेवाईक मला माहितीयत.

पायरी ४: पहिलं सँपल कधी आणि कुठल्या हातातून

रक्तस्राव चालू नसेल तर पिशवी संपल्यावर १५ मिनिटांनी घेतलेलं एचबी आणि २४ तासांनी घेतलेलं एचबी यात फारसा फरक पडत नाही. म्हणजे घाई असेल, ऑपरेशनला न्यायचं असेल, तर लगेच बघता येतं. एरवी वॉर्डात दुसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडच्या आधी पाठवतात, तेच सोयीचं. रक्तस्राव चालू असेल तर मात्र हे लागू नाही, तिथे काही तासांनी पुन्हा पुन्हा बघावं लागतं, आणि तिथेही नाडी आणि बीपी आधी बोलतात, एचबी मागून. भळाभळा रक्त गेलं तरी पहिल्या काही तासांत एचबी जवळपास तेवढंच दिसू शकतं, कारण उरलेलं रक्त अजून पातळ झालेलं नसतं. नव्या मुलींनो, हे लिहून ठेवा.

आता माझा घोळ. नोकरीला लागून चार महिने झाले होते, नाईट ड्युटी. एका आजींचं संध्याकाळी रक्त संपलं होतं, एचबी ८.८ आलं होतं. पहाटे पाचला रिपीट सँपल घ्यायचं होतं, उजव्या हाताला सलाईन चालू, डाव्या हाताची शीर काही केल्या सापडेना, दोनदा टोचून झालं, आजी कळवळल्या. मग मी उजव्याच हाताला, सलाईनच्या सुईच्या वरच्या बाजूला, कोपराजवळ छान फुगलेली शीर दिसली तिथून घेतलं. सातला लॅबमधून फोन आला, एचबी ५.९. धावपळ झाली, ज्युनियर डॉक्टर आले, पोट तपासलं, रक्तपेढीची चिठ्ठी लिहून झाली, आजींचा मुलगा डोनर शोधायला खाली धावला. तेवढ्यात इन्चार्ज सिस्टर ड्युटीवर आल्या, त्यांनी आजींकडे बघितलं, आजी मस्त चहात बिस्किट बुडवून खात होत्या. त्यांनी मला एवढंच विचारलं, “कुठल्या हातातून घेतलंस?” पुन्हा दुसऱ्या हातातून घेतलं, ८.७ आलं. मी अर्धं सलाईनच लॅबला पाठवलं होतं.

तर नातेवाईकांनी लक्षात ठेवायचं ते असं: सलाईन चालू असलेल्या हातातून सँपल नको, दुसऱ्या हातातून घ्या असं विनवून सांगा. दोन्ही हात गुंतलेले असतील तर सलाईन थोडा वेळ थांबवून सुईच्या खालच्या बाजूने कसं घ्यायचं ते सिस्टरना माहीत असतं. एचबीची ट्यूब जांभळ्या झाकणाची असते, त्यात रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, ती भरल्यावर हळूच आठ-दहा वेळा उलटसुलट करायची असते. तशीच ठेवली तर आत गुठळी होते आणि रिपोर्ट भलताच येतो. आणि बोट टोचून छोट्या मशीनवर बघतात तेव्हा बोट दाबून दाबून थेंब काढला तर त्यात पेशींच्या आजूबाजूचं पाणी येतं आणि एचबी खोटं कमी दिसतं. शिबिरातलं बोटावरचं एचबी आणि लॅबचं एचबी यांची तुलना करून रडत बसू नका.

पायरी ५: रिपोर्टमध्ये कुठे बघायचं

सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींच्या तपासणीचा, रिपोर्ट लांबलचक असतो, त्यात लाल अक्षरं बघून घाबरायला होतं. तुम्ही पहिल्यांदा फक्त दोन ओळी बघा. एक हिमोग्लोबिन. दुसरी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के आहेत ते, काही रिपोर्टवर ती पीसीव्ही म्हणून असते. हिमॅटोक्रिट साधारण एचबीच्या तिप्पट असतो. एचबी ८ आणि पीसीव्ही २४ च्या आसपास, म्हणजे जमतंय. एचबी ८ आणि पीसीव्ही ३३ असं दिसलं तर काहीतरी गडबड असू शकते, सँपलची किंवा मशीनची, किंवा खरंच काही वेगळं असेल. डॉक्टरांना दाखवा, पुन्हा टेस्ट करायची का ते ते ठरवतील.

एमसीव्ही, आरडीडब्ल्यू वगैरे लाल पेशींच्या आकाराचे आकडे रक्त चढवल्यानंतर बिघडलेलेच दिसतात, कारण आता अंगात दोन माणसांच्या पेशी आहेत, पेशंटच्या बारक्या आणि डोनरच्या नीट. त्यावरून गूगल करत बसू नका. शुगरवाल्या पेशंटसाठी मात्र एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, ती रक्त चढवल्यानंतर दोन-तीन महिने खरी येत नाही. “शुगर एकदम कंट्रोलमध्ये आलीय” म्हणून खूश होऊन गोळी कमी करणारे आहेत. तोवर नेहमीची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरचीच बघा, आणि डॉक्टरांना सांगा की मध्ये रक्त चढलंय.

आकड्यांत ०.३-०.५ चा फरक आला तर तो फरक धरूच नका. तेच रक्त दोन मशीनवर घातलं तरी एवढा फरक येऊ शकतो. पेशंट चालत जाऊन बसला होता की रात्रभर आडवा होता, सँपल घेताना दंडाला पट्टा किती वेळ बांधून ठेवला होता, यानेही थोडं इकडेतिकडे होतं. म्हणून शक्यतो एकच लॅब धरा. माझ्या स्वतःच्या आईचं एकाच दिवशी दोन लॅबमध्ये ९.४ आणि ८.८ आलं होतं, आणि मी नर्स असूनही पाच मिनिटं पोटात गोळा आला. मग वही काढली, आधीचे सगळे ८.८ च्याच लॅबचे होते, आणि त्या लॅबमध्ये मागच्या वेळी ८.३ होतं. म्हणजे वाढतच होतं की.

परदेशात मुलांकडे गेलेल्या आईवडलांसाठी एक ओळ: इंग्लंड, ऑस्ट्रेलियात एचबी लिटरमागे मोजतात, तिथे ८५ लिहिलेलं म्हणजे आपलं ८.५. उगीच दचकू नका.

पायरी ६: वाढलं नाही, किंवा वाढून परत उतरलं

हिशोबाने अडीच वाढायला पाहिजे होतं आणि अर्धाच वाढलं, किंवा पहिल्या दिवशी ८.५ होतं आणि चौथ्या दिवशी ७ झालं, तर कारण शोधावं लागतं. आधी सँपल बरोबर होतं का ते, वर लिहिलंच आहे. मग सलाईन खूप चालू आहे का, त्याने रक्त पातळ होऊन आकडा उतरतो, पेशी तेवढ्याच असतात.

मग सगळ्यात जास्त सापडणारं कारण, रक्त कुठूनतरी जातंय. अंगावरून जातंय का, पॅड किती बदलावे लागतात, मूळव्याधीचं रक्त पडतंय का, उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसतंय का, आणि शी कशी आहे. शीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण लोक सांगायला लाजतात. लोहाच्या गोळीने शी काळी होते, हिरवट-काळी, पण घट्ट आणि नेहमीच्याच वासाची. आतून रक्तस्राव असेल तेव्हाची काळी शी डांबरासारखी चिकट असते, पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहते, आणि वास इतका घाण असतो की वॉर्डात शिरल्या शिरल्या आम्हाला कळतं. मोबाईलवर फोटो काढून डॉक्टरांना दाखवला तरी चालतो, खरंच. आम्हाला त्याचं काही वाटत नाही.

दुसरं कारण म्हणजे चढवलेल्या पेशी शरीर फोडून टाकतंय. हे बहुतेक वेळा घरी गेल्यावर होतं, साधारण ३ ते १४ दिवसांत, म्हणून ते घरच्यांनाच ओळखता यायला हवं. आधी कधी रक्त चढलेलं असेल किंवा बाळंतपणं झालेली असतील तर अंगात बाहेरच्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार झालेल्या असू शकतात, त्या क्रॉसमॅचच्या वेळी इतक्या कमी असतात की सापडत नाहीत, आणि नवीन रक्त आलं की जाग्या होतात. डोळे पिवळे, लघवी गडद चहासारखी, बारीक ताप, आणि एचबी परत खाली. गावाकडे याला कावीळ समजतात आणि काविळीचं झाडपाल्याचं औषध द्यायला नेतात, आठ दिवस तिथे जातात, पथ्य म्हणून ताक-भात चालू होतो, आणि पेशंट येतो तेव्हा एचबी पहिल्यापेक्षाही कमी. रक्त चढवल्यानंतर महिनाभरात डोळे पिवळे झाले तर जिथे रक्त चढवलं तिथेच जा आणि पहिलं वाक्य हे बोला की अमुक तारखेला रक्त चढवलं होतं. पुढे बिलिरुबिन (काविळीची टेस्ट), कूम्ब्स टेस्ट (लाल पेशींना अँटिबॉडी चिकटल्यात का ते बघायची) वगैरे ते करतील.

पाणथरी, म्हणजे प्लीहा, मोठी झालेली असेल तरी पेशी तिथे अडकून लवकर संपतात. हे थॅलेसेमियाच्या मुलांत आणि लिव्हरच्या पेशंटमध्ये दिसतं. आयसीयूत दहा दिवस राहिलेल्या माणसाचं एचबी रोज रोज सँपल काढूनही उतरतं, हे गमतीत म्हणतात तसं नाही, खरंच उतरतं, लहान बाळांत तर चांगलंच.

पायरी ७: घरी गेल्यावर

डिस्चार्ज कार्डावर शेवटचं एचबी आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहिलीय का बघा, नसेल तर तिथेच लिहून घ्या. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं असतं, पण लोह कमी असल्यामुळे रक्त लागलं असेल तर साधारण एक-दोन आठवड्यांनी एकदा, मग महिन्याला एकदा असं बघतात. रोज किंवा दिवसाआड बघून काही मिळत नाही, पैसे जातात आणि जीव टांगणीला लागतो. गोळ्या नीट चालू असतील तर तीन-चार आठवड्यांत १ ते २ ग्रॅम वाढ दिसायला पाहिजे. दिसली नाही तर गोळी पोटात जातेय का (उशीखाली सापडलेल्या गोळ्या मी मोजल्यात), चहाबरोबर घेतली जातेय का, की रक्त जाणं अजून चालूच आहे, हे बघायचं. गोळी चहा, दूध आणि कॅल्शियमपासून दोन तास लांब, लिंबूपाण्याबरोबर घेतलेली चांगली. पोट बिघडत असेल तर बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात किंवा शिरेतून लोहाचं इंजेक्शन देतात.

बीट आणि डाळिंब यावर लोकांची फार श्रद्धा. खा, छान आहेत, पण बिटाचा रंग लाल म्हणून रक्त वाढतं असं नाही होत. डाळी, पालेभाज्या, खात असाल तर कलेजी, आणि गोळी.

आता त्या गाठीवाल्या काकूंचं पुढचं. ७.९ वर घरी गेल्या, गोळ्या घेतल्या, दीड महिन्यात १०.४. बरं वाटायला लागलं, जिना चढताना धाप लागेना, गोळ्या बंद केल्या, गाठींसाठी पुन्हा दाखवायला या म्हटलं होतं तेही राहिलं. चार महिन्यांनी परत आल्या, ६.१. चढवलेल्या पेशी कायमच्या नसतात, आपली लाल पेशी १२० दिवस जगते, पण पिशवीत नव्या-जुन्या सगळ्या पेशी असतात, त्यामुळे त्या सरासरी दोनेक महिन्यांतच संपतात. तोपर्यंत शरीराने स्वतःच्या तयार केल्या नाहीत आणि गळती बंद झाली नाही तर आकडा जिथून निघाला तिथे परत येतो. म्हणून एचबी नॉर्मल (बायकांत १२, गरोदरपणी ११, पुरुषांत १३) झाल्यानंतरही आणखी तीन महिने गोळ्या घ्यायच्या असतात, साठा भरण्यासाठी. काकूंचं नंतर ऑपरेशन झालं, आता बऱ्या आहेत, आणि हो, आता मुलगा वही आणतो.

ज्यांना वारंवार रक्त लागतं त्यांचं गणित वेगळं

थॅलेसेमिया मेजरच्या मुलांचं एचबी रक्त दिल्यानंतर किती झालं यापेक्षा पुढच्या रक्ताच्या आधी किती उरलं हे जास्त बघतात. ते ९ ते १०.५ च्या दरम्यान राहावं असा प्रयत्न असतो, त्यासाठी दोन ते पाच आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं. तारीख पुढे ढकलू नका, शाळेची परीक्षा असली तरी, कारण एचबी खाली गेलं की हाडं आणि वाढ दोन्हीवर परिणाम होतो. वहीत आधीचं एचबी, दिलेले मिली आणि वजन हे तीन लिहीत गेलात तर दोन रक्तांमध्ये आकडा किती भरभर उतरतोय ते दिसतं, आणि पूर्वीपेक्षा लवकर उतरायला लागला तर पाणथरी किंवा अँटिबॉडी असा संशय डॉक्टरांना त्या वहीवरूनच येतो. शिवाय प्रत्येक पिशवीतून साधारण २०० मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, त्यामुळे या मुलांना लोहाची गोळी अजिबात द्यायची नाही, उलट लोह काढायचं औषध लागतं. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी टेस्ट) १,००० च्या वर जायला लागलं की ते सुरू करतात. शेजारच्या काकूंनी दिलेलं रक्तवाढीचं टॉनिक परत करा.

सिकलसेलमध्ये, विदर्भात आणि नंदुरबारकडे असे पेशंट खूप आहेत, उलटी काळजी. तिथे एचबी फार वाढवायचं नसतं, १० च्या आसपास थांबतात, कारण रक्त घट्ट झालं तर बारीक नसांत अडकून त्रास वाढतो. त्यामुळे सिकलसेलच्या पेशंटचं ९ बघून अजून द्या म्हणू नका. डायलिसिसवाल्यांना शक्यतो रक्त वाढवायच्या इंजेक्शनवर ठेवतात आणि रक्त टाळतात, पुढे किडनी बदलायची असेल तर अँटिबॉडी आड येतात म्हणून.

वहीच्या शेवटच्या पानावर

रक्तपेढीने कधी “मॅच लागत नाही, वेळ लागेल” असं सांगितलं असेल तर ते नुसतं ऐकून सोडू नका, कुठली अँटिबॉडी सापडली ते कागदावर लिहून घ्या आणि त्या कागदाची झेरॉक्स वहीत चिकटवा. अँटिबॉडी काही महिन्यांनी टेस्टमध्ये दिसेनाशी होते, पण अंगात तिची आठवण राहते, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या गावात दुसऱ्या रक्तपेढीत गेलात तर त्यांना ती कळायचा मार्ग हा एवढा कागदच. बॉम्बे ब्लड ग्रुपवाल्यांनाही हेच. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला हा गट वरवरच्या तपासणीत ओ सारखाच दिसतो पण त्यांना ओ चालत नाही. तुमच्या घरात असं कुणी असेल तर ते पान पहिलं ठेवा, आणि भावंडांचीही तपासणी करून घ्या, कारण जुळणारं रक्त सापडलंच तर त्यांच्याकडेच सापडण्याची शक्यता जास्त. वही कुठे ठेवलीय ते घरात दोन जणांना माहीत असू द्या, ज्याला माहीत असतं नेमका तोच डोनर आणायला गेलेला असतो.